घर लावता लावता पाहिलेले कोल्हापूर

शनिवार

बँकेतल्या बदलीचा हुकूम दसऱ्याच्या सुमारास हाती पडला आणि दिवाळी उरकताच आम्ही नागपूरचे बिऱ्हाड हलवले. सासूबाई, आम्ही दोघे, सातवीतली मुलगी आणि दुसरीतला मुलगा असे सगळे महाराष्ट्र एक्सप्रेसने निघालो. गोंदियाहून सुटणारी ही गाडी जवळजवळ अख्खे राज्य आडवे कापत कोल्हापूरला येते, आणि छत्रपती शाहू महाराज टर्मिनसवर रूळच संपतात. रेल्वेप्रवासाविषयी एवढे पुरे. सामानाच्या ट्रकने मात्र आमची चांगलीच पंचाईत केली. तो आमच्या आधी पोहोचायचा होता. प्रत्यक्षात आम्ही कोल्हापुरात उतरलो तेव्हा चालक मराठवाड्यातच कुठेतरी अडकला होता आणि ‘सोमवारी नक्की’ एवढाच दिलासा मिळाला. चार चटया, कपड्यांच्या दोन पिशव्या आणि सासूबाईंनी मांडीवरून आणलेला बाळकृष्ण एवढ्यावर रिकाम्या घरात संसार मांडावा लागला. लावायला सामानच नसल्यामुळे गाव पाहायला भरपूर सवड मिळाली, हे त्यातल्या त्यात बरे झाले.

घर रंकाळा तलावाच्या पलीकडे, सानेगुरुजी वसाहतीच्या बाजूला आहे. दिवाळीआधी घर शोधायला आलो होतो, तेव्हा नागपूरच्या सवयीने आम्ही पाण्याची वेळ, पार्किंग आणि शाळेचे अंतर विचारत होतो. इथली माणसे मात्र त्याआधी एकच गोष्ट सांगत होती, पुराचे पाणी कुठवर येते ती. कोल्हापुरात पंचगंगेची पातळी राजाराम बंधाऱ्यापाशी फुटांत मोजतात. ३९ फूट ही इशारा पातळी आणि ४३ फूट ही धोका पातळी. जुलै-ऑगस्टमध्ये हे आकडे इथल्या घराघरांत क्रिकेटच्या धावसंख्येसारखे पाठ असतात. राधानगरी धरण भरले की त्याचे स्वयंचलित दरवाजे आपोआप उघडतात, आणि मग सगळ्या शहराचे कान नदीकडे लागतात. २०१९ आणि २०२१ या दोन्ही वर्षी पाणी धोका पातळीच्या कितीतरी वर गेले होते. आमच्या घरमालकांनी, ज्यांना सगळी गल्ली आण्णा म्हणते, किल्ली हातात देताना पुन्हा एकदा निर्वाळा दिला, “हितं न्हाई येत पाणी. दोन हजार एकोणीसला सुद्धा न्हाई आलं. पर बंधाऱ्यावरचा आकडा बघायची सवय लावून घ्या.”

कोल्हापुरात घर भाड्याने घेणाऱ्यांनी घरमालकाखेरीज कोपऱ्यावरच्या किराणा दुकानदारालाही हे विचारून घ्यावे. ‘पाणी येत नाही’ या उत्तरावर थांबू नये; २०१९ ला आणि २०२१ ला कुठवर आले होते, असे साल घालून विचारावे. लोक थेट भिंतीवर हात ठेवून खूण दाखवतात.

सामान नाही हे समोरच्या काकूंना कसे कळले कोण जाणे. दाराला कुलूप लावून बाहेर पडतच होतो, तेवढ्यात त्या आल्या आणि “जेवलासा काय?” असे विचारून, उत्तराची वाट न पाहता पिठले, भाकरी आणि कांदा यांचे ताट आत ठेवून गेल्या. सासूबाईंना अनोळखी घरचे इतक्या लवकर घ्यायचा संकोच वाटत होता. काकूंनी तो ओळखून “अनोळखी कशाला, आता रोजचंच हाय की” असे म्हटल्यावर त्यांनी निमूटपणे पान वाढायला घेतले.

संध्याकाळी दूध आणायला गंगावेशीत गेलो. पिशवीचे दूध घराखाली मिळत होते, पण आण्णांनी ‘कट्ट्यावर जाऊन बघा तर’ असा आग्रह धरला होता. दूध कट्ट्यावर म्हशी रस्त्याच्या कडेला ओळीने उभ्या असतात. गिऱ्हाईक आले की त्याच्यासमोरच धार काढतात आणि कोमट, फेसाने काठोकाठ भरलेला पेला हातात देतात. तालमीत जाणारी मुले, दुकान बंद करून घरी निघालेले व्यापारी, नातवाला घेऊन आलेले आजोबा हे सगळे तिथे उभ्याउभ्या दूध पितात आणि मिशा पुसत निघून जातात. कुस्तीचे वेड असलेल्या या गावात धारोष्ण दुधाला मान आहे. माझे मत विचाराल तर, सवय नसलेल्या पोटाने आणि लहान मुलांनी ते घरी नेऊन उकळूनच प्यावे. मुलाला मी दोनच घोट घेऊ दिले, त्याचा राग त्याने रविवार दुपारपर्यंत धरला होता.

रविवार

सकाळी न्याहारीला मिसळ. नागपूरकर तर्री-पोह्यांवर वाढलेला असतो, त्यामुळे लाल तवंगाचे त्याला भय नसते. तरीही कोल्हापुरी मिसळीचा थाट वेगळा आहे. पावाऐवजी ब्रेडच्या स्लाइस येतात, कट वेगळ्या वाटीत येतो आणि संपला की न मागता पुन्हा वाढला जातो. कटाचा झणका पहिल्या घासाला लागतो आणि तिथेच थांबतो. मागाहून येते ती खोबरे, कांदा आणि लसणाच्या भाजलेल्या वाटणाची चव. बाहेरगावच्या हॉटेलांनी ‘व्हेज कोल्हापुरी’ नावाच्या भाजीतून या गावाच्या तिखटाची जी ख्याती पसरवली आहे, ती मला आता अन्यायकारक वाटते. इथल्या मसाल्याचा भर रंगावर आणि वासावर अधिक आहे.

तिथून लक्ष्मीपुरीतल्या रविवारच्या बाजाराला गेलो. केरसुणी, पोळपाट-लाटणे, चहाचे पातेले अशी यादी होती. बाजारात भाजीपाला तर होताच, पण माझे पाय खिळले ते मिरच्यांच्या ढिगांपाशी. ब्याडगी रंगासाठी, संकेश्वरी चवीसाठी आणि लवंगी तिखटासाठी, हे तिथल्या मावशींनी मला एकेक मिरची मोडून, वास घ्यायला लावून शिकवले. मी अर्धा किलो घेऊ लागले तर त्यांनीच थांबवले. “आत्ता कशाला घेतासा? उन्हाळ्यात या. एप्रिल-मेमधी वर्षाची चटणी करायची असती.” गिऱ्हाईक परत पाठवणारी विक्रेती मी प्रथमच पाहिली.

दुपारी तांबडा-पांढरा. मटणाच्या अळणी पाण्याला मसाल्याची फोडणी दिली की तांबडा, आणि त्याच पाण्यात खसखस, तीळ, काजू, नारळाचे दूध घातले की पांढरा रस्सा, हे ढोबळ गणित. सावजीच्या काळ्या रश्श्यावर पोसलेल्या आमच्या घराला पांढऱ्याने चकित केले. मुलीने तो सूप समजून तीन वाट्या प्यायली आणि वाढणाऱ्या दादांनी कौतुकाने चौथी पुढे केली. शाकाहारी सासूबाईंसाठी अख्खा मसूर आणि भाकरी मागवली. तो पदार्थ त्यांना इतका आवडला की वाटणात काय काय असावे याचा अंदाज त्यांनी घरी पोहोचेपर्यंत चालू ठेवला होता.

ताट मागवावे, सुटे पदार्थ मागवू नयेत. रस्सा ताटाबरोबर हवा तेवढा मिळतो. रविवारी दुपारी एकनंतर खानावळींबाहेर रांग लागते, म्हणून साडेबाराच्या आत पोहोचावे.

संध्याकाळी रंकाळ्यावर चालत गेलो. उजवीकडे पाणी, पलीकडे शालिनी पॅलेसचा मनोरा, चौपाटीवर भेळेच्या गाड्या आणि भाजलेली कणसे. मुलगा तिथे चेंडू खेळणाऱ्या पोरांत मिसळला आणि दहा मिनिटांत परत येऊन गंभीरपणे म्हणाला, “आई, आपण पाटाकडील का प्रॅक्टिस?” मला काही उमगेना. शेजारच्या बाकावरच्या काकांनी हसत उलगडा केला. कोल्हापुरातल्या पेठांचे आणि तालमींचे फुटबॉल संघ आहेत: पाटाकडील, प्रॅक्टिस क्लब, दिलबहार, खंडोबा, बालगोपाल, शिवाजी तरुण मंडळ. हंगाम सुरू झाला की शाहू स्टेडियमवर घरेच्या घरे आपापल्या संघामागे उभी असतात. कुस्तीचे गाव म्हणून आम्ही जे ऐकून होतो, त्यात फुटबॉल कुणी सांगितलाच नव्हता. “आत्ताच ठरवू नगंस,” काकांनी मुलाला सल्ला दिला, “एक म्याच बघ, मग ठरीव. एकदा ठरलं की बदलत न्हाईत.”

सोमवार

मी बँकेत रुजू झाले, ट्रक दुपारी आला, दोन खुर्च्यांचे पाय मोडलेले निघाले. गॅस, शाळेचे दाखले, इंटरनेट यांतच दिवस गेला, त्याबद्दल लिहिण्यासारखे काही नाही. रात्री काकूंनी कांदा-लसूण चटणीची बरणी आणून दिली आणि बजावले, “वल्ला चमचा घालू नगा.”

मंगळवार

अंबाबाईच्या देवळात किरणोत्सव होता. देऊळ पश्चिमाभिमुख आहे, आणि वर्षातून दोनदा, ३१ जानेवारी ते २ फेब्रुवारी आणि ९ ते ११ नोव्हेंबर या काळात, मावळतीची किरणे महाद्वारातून आत शिरून गरुड मंडपातून, एकेक उंबरठा ओलांडत थेट गाभाऱ्यात जातात. पहिल्या दिवशी चरणांवर, दुसऱ्या दिवशी छातीपर्यंत आणि तिसऱ्या दिवशी मुखावर, असा क्रम सांगतात. आम्हाला शेवटचा दिवस मिळत होता. बँकेतल्या एका ज्येष्ठ सहकाऱ्यांनी, मी सकाळीच विचारल्यावर, “चारला सोडतो तुम्हाला, पाचला गेलात तर फक्त माणसं बघाल,” असे सांगून खरोखरच चार वाजता सोडले.

तरीही गर्दी अफाट होती. आम्ही उभे होतो तिथून गाभारा दिसत नव्हता. मंडपाची जमीन तेवढी डोक्यांच्या फटीतून दिसत होती. पाच वाजून गेल्यावर तिच्यावर एक फिकट पिवळा पट्टा पडला. सुरुवातीला तो हलतो आहे हे कळतही नव्हते. मग एका बाईंनी एका फरशीची खूण धरायला सांगितली, आणि पट्टा त्या फरशीवरून पुढच्या फरशीवर सरकताना डोळ्यांना दिसला. सूर्य ढळताना पाहणे वेगळे, आणि त्याची चाल अशी फरशीवर मोजणे वेगळे. मुलगी, जिला देवळात फारसे मन लागत नाही, ती पापणी न लववता बघत होती. क्षितिजावर धूसर होते. किरणे नेमकी कुठवर पोहोचली यावर परतीच्या गर्दीत दोन मते होती. एक गट मुखापर्यंत म्हणत होता, दुसरा धुक्याला दोष देत होता, आणि दोन्ही गटांतली माणसे वर्षानुवर्षे येत असल्याच्या अधिकाराने बोलत होती. सासूबाईंना या वादात रस नव्हता. त्यांना ओटीचे सामान घ्यायचे होते, आणि ते महाद्वार रोडवर मनाजोगते मिळाले.

किरणोत्सवाच्या दिवसांत देवीचे निवांत दर्शन होईल अशी अपेक्षा धरू नये. त्यासाठी वेगळ्या दिवशी पहाटे जावे. वाहन देवळाजवळ नेण्याचा प्रयत्न व्यर्थ आहे. बिंदू चौकाच्या बाजूला लावून चालत यावे. तिथे महात्मा फुले आणि डॉ. आंबेडकर यांचे पुतळे आहेत, जे १९५० मध्ये, म्हणजे आंबेडकर हयात असतानाच, उभारले गेले. आम्ही ते दिव्यांच्या उजेडात पाहिले.

गुरुवार

मुलांच्या शाळा सोमवारपासून भरायच्या होत्या, म्हणून नवऱ्याने त्यांना टाऊन हॉलच्या संग्रहालयात नेले. तिथे ब्रह्मपुरी टेकडीवर सापडलेली पोसायडनची छोटी कांस्यमूर्ती आहे. रोमन जगातला समुद्रदेव पंचगंगेच्या काठी कसा आला, हा प्रश्न मुलीने घरी आल्यावर सगळ्यांना विचारला, आणि प्राचीन काळचा व्यापार, बंदरे, घाटवाटा हे जेवणाच्या ताटावर बोलून झाले. संग्रहालय लहान आहे, तासाभरात होते. दगडी इमारत आणि भोवतालची झाडे हाही पाहण्याचा भाग समजावा.

संध्याकाळी मी बँकेतून थेट चप्पल लाईनला गेले. दुकानदार आजोबांनी आधी मला बसवले, पायातले बूट काढायला लावले आणि मगच चपला काढल्या. बाभळीची साल आणि हिरडा यांनी कमावलेले कातडे, खिळ्याऐवजी चामड्याच्याच वादीने शिवलेला तळ, आणि पहिल्या आठवड्यात पाय चावणार याची स्पष्ट कल्पना. कोल्हापुरी चपलेला २०१९ मध्ये भौगोलिक मानांकन मिळाले. ते कोल्हापूरबरोबरच सांगली, सातारा, सोलापूर आणि कर्नाटकातल्या बेळगाव, धारवाड, बागलकोट, विजापूर या जिल्ह्यांनाही लागू आहे. भावाविषयी घासाघीस करणाऱ्या एका गिऱ्हाइकाला आजोबांनी शांतपणे बाहेरच्या, यंत्रावर बनलेल्या चपलांचा ढीग दाखवला. मी घासाघीस केली नाही. पावसात घालायच्या नाहीत, भिजल्या तर उन्हात वाळवायच्या नाहीत, अधूनमधून तेलाचा हात फिरवायचा, एवढे पाळले की काम झाले.

शनिवार

पन्हाळा शहरापासून जेमतेम वीस किलोमीटर. पंचगंगा ओलांडून आंबेवाडी-चिखलीच्या बाजूने जाताना दोन्हीकडे ऊस. पुराच्या वेळी हाच रस्ता पाण्याखाली जातो. रस्त्यालगत एका गुऱ्हाळाचा धूर दिसला आणि आम्ही गाडी थांबवली. ठरवून गेलो नव्हतो, पण सगळ्या आठवड्यात मला सर्वांत जास्त काही मिळाले असेल तर ते तिथे.

चुलवाणावर खाटेएवढी काहील होती, खाली उसाचीच वाळलेली चिपाडे जळत होती. रस तापू लागला की त्यात भेंडीच्या झाडाचा चिकट रस घालतात. त्याने मळी वर येते आणि ती झाऱ्याने काढून टाकतात. मग तासन्‌तास उकळणे. या सगळ्याचा मालक गुळव्या, म्हणजे गूळ करणारा कारागीर. त्याच्याकडे तापमापक नव्हता. तो अधूनमधून उकळत्या पाकाचा थेंब पाण्यात टाकून बोटाने वळून बघे आणि पुन्हा गप्प उभा राही. एका क्षणी त्याने हात वर केला मात्र, सगळी माणसे धावली, काहील उतरली आणि सोनेरी पाक वाफ्यात ओतला गेला. अर्धा मिनिट इकडे-तिकडे झाले तर गूळ चिवट होतो किंवा करपतो, असे त्याने नंतर सांगितले. मुलांना त्याने उसाच्या तुकड्यावर गरम गूळ घेऊन दिला, सासूबाईंना काकवीची बाटली भरून दिली, आणि पैसे फक्त काकवीचे घेतले. पूर्वी या पट्ट्यात अशी कितीतरी गुऱ्हाळे होती. कारखान्यांना ऊस जाऊ लागला, माणसे मिळेनात, तशी ती कमी होत गेली. शाहू महाराजांनी १८९५ मध्ये गुळाच्या व्यापारासाठी शाहूपुरी ही पेठ वसवली. पण घरासाठी किलो-दोन किलो हवा असेल तर गुऱ्हाळावरच घ्यावा. फार पिवळाधमक गूळ टाळावा, तपकिरी निवडावा. हंगाम दिवाळीच्या आसपास सुरू होतो आणि उन्हाळ्याच्या तोंडाशी संपतो.

एवढा वेळ तिथे गेल्याने पन्हाळा दुपारी पाहिला. वर हवा गार होती. अंबरखान्याची धान्यकोठारे, तीन मजली अंधारबाव, तीन दरवाजा हे सारे गाडीने फिरूनही पाहता येते, पण सज्जाकोठीपासून तटाच्या कडेने चालावे. सिद्दी जौहरचा वेढा, १६६० च्या जुलैमधली ती पावसाळी रात्र, शिवा काशीद आणि बाजीप्रभू हे मुलांना पुस्तकातून माहीत होते, खालच्या दरीकडे बघून विशाळगड कुठल्या दिशेला, हे कळल्यावर मुलगा पहिल्यांदाच म्हणाला, “एवढं लांब पळत गेले?” २०२५ च्या जुलैत पन्हाळा युनेस्कोच्या जागतिक वारशाच्या यादीत आला. गडावर गाव नांदते आहे, त्यामुळे तो संग्रहालयासारखा वाटत नाही, आणि मला तेच आवडले. एका मावशींच्या टोपलीतली झुणका-भाकरी, खर्डा आणि मडक्यातले दही यांवर जेवण झाले. हॉटेल शोधायची गरज नाही.

रविवार

गाडी ठरवून खिद्रापूर आणि नृसिंहवाडी. खिद्रापूर साठ किलोमीटरच्या थोडे पुढे, कृष्णेच्या काठी, कर्नाटकाच्या सीमेला टेकलेले गाव. कोपेश्वराचे देऊळ बाहेरून पाहताना अंदाज येत नाही. आत पाऊल टाकले की ४८ खांबांचा स्वर्गमंडप आणि त्याच्या मध्यभागी छताऐवजी गोल आकाश. खाली त्याच मापाची वर्तुळाकार शिळा. अकराच्या सुमाराला उन्हाचा गोळा मंडपात तिरका उतरला होता, आणि मंगळवारचा पट्टा आठवून मुलगी त्याची कड कुठे आहे ते पायाने आखत बसली. देवळासमोर नंदी नाही. तो पलीकडे कर्नाटकातल्या यडूरला आहे असे सांगतात. सतीच्या विरहाने कोपलेला शंकर आणि त्याची समजूत काढणारा विष्णू म्हणजे धोपेश्वर, असे दोघे गाभाऱ्यात एकत्र आहेत. बाहेरच्या गजपट्टावरचे हत्ती पुष्कळसे भंगलेले आहेत, तरी वेळ काढून एक प्रदक्षिणा त्यांच्यासाठी घालावी. गावात जेवायची फारशी सोय नाही, पाणी आणि खाणे बरोबर न्यावे.

परतताना वाडीला कृष्णा-पंचगंगेच्या संगमावर दत्तपादुकांचे दर्शन घेतले. आमच्या गल्लीत जिच्या पातळीची चर्चा होते ती पंचगंगा इथे कृष्णेत मिळते. पावसाळ्यात पाणी चढले की पादुकांवरून वाहते, तेव्हा लोक भिजत दर्शनाला उभे असतात, असे घाटावरच्या एका पुजारीकाकांनी सांगितले. बासुंदी खाल्ली, पेढे आणि कवठाची बर्फी बांधून घेतली, आणि रस्त्याच्या कडेला कृष्णाकाठची कोवळी वांगी दिसल्यावर सासूबाईंनी गाडी थांबवायला लावली.

रात्री काकूंनी पिशवी पाहिली. “वाडीची वांगी व्हय? मग माझ्या चटणीत करा भरली, दुसरा मसाला घालू नगा. आन् पाणी बिलकुल कमी.” सासूबाईंनी नागपूरला असे करत नाहीत म्हणून सांगून पाहिले. दोघींचा पाण्याच्या प्रमाणावरून सुरू झालेला वाद सोमवारी सकाळी डबे भरेपर्यंत मिटला नव्हता, म्हणून वांगी दोन कढयांत झाली.